वडशाकडच्या ड्रेपरीच्या दुकानातल्या नकली बंदुका : एसएलआर घ्या, एके ४७ राहू द्या

आपल्या गडचिरोलीकडं दिवाळी झाली का मंडई, म्हणजे गावची जत्रा, मंडई म्हटली का नाटक, आणि आजकाल नाटकात बंदूक नसली तर पब्लिकले पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. आधी तलवार-ढाल, मुकुट, दाढीवर भागायचं, आता वेब सिरीज पाहून पाहून लेखक लोकांनी पण प्रत्येक अंकात एक इन्स्पेक्टर नाहीतर एक गँग घुसवून ठेवलीय. त्यामुळे सिझनच्या आधी आजूबाजूच्या गावचे मंडळवाले विचारत राहतात की भाऊ बंदुका कुठून आणता, कशा आहेत, परवडते का. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. आम्ही वडशाकडच्या ज्या ड्रेपरीच्या, म्हणजे नाटकाचे ड्रेस-सामान भाड्यानं देणाऱ्या दुकानातून आणतो त्याचं नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि पुढच्या सिझनले आपल्याला त्यांच्याच दारात जायचं आहे. मी आमच्या गावच्या हौशी मंडळात प्रॉपर्टी सांभाळतो, म्हणजे विंगेत टेबल लावून बसायचं, पत्र, तांब्या, काठी, बंदूक जे लागलं ते नटाच्या हातात द्यायचं आणि परत घ्यायचं. तोंडाला रंग लावायची आपल्याला हौस नाही.

दुकान म्हणजे समोर राजा-राणीचे ड्रेस, पोलिसांच्या वर्द्या, वकिलाचे कोट, टोप-दाढ्या, आणि मागच्या खोलीत भिंतीले खिळे मारून टांगलेल्या बंदुका. काका गल्ल्यावर असतात, त्यांचा पोरगा मागे. भाव एका रात्रीचा : सागवानी एसएलआर (फौजेची जुनी सेल्फ-लोडिंग रायफल) ३००, बारा बोर २००, प्लास्टिकची एके ४७ १५०, रिव्हॉल्वर नाहीतर पिस्तूल १००, आणि वरून २००० डिपॉझिट. नागपूरच्या मानाने स्वस्तच आहे. घासाघीस चालते पण काकांचा मूड पाहून, आणि दुपारी जेवणाच्या टायमाले जाऊ नका.

आता मुद्द्याचं. बाकी महाराष्ट्रात नकली बंदूक कशीही असली तरी चालून जाते, स्टेजवरची बंदूक पाहून बोट दाखवणारा तिथे कोणी बसलेला नसतो. आपल्याकडं तसं नाही ना. गडचिरोलीत नक्षलवाद्यांशी लढणारं पोलिसांचं सी-६० पथक १९९० पासून आहे, गावातल्या रस्त्यावरून, बाजारातून, शाळेच्या बाजूने हत्यारबंद जवान जाताना पाहत पाहत इथली एक अख्खी पिढी मोठी झाली. जंगलाच्या गावात भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक, काय असते हे म्हाताऱ्या माणसाले समजावून सांगावं लागत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती त्याच्या साठ साथीदारांसकट गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला तेव्हा खाली ठेवलेली हत्यारं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली, आमच्या चौकात तर लोकं मोबाईल झूम करून करून पाहत होते की ही कोणती, ती कोणती. आणि इकडं भद्रावतीले चांदा ऑर्डनन्स फॅक्टरी, भंडाऱ्याले जवाहरनगरची, नागपूरले अंबाझरीची, वर्ध्याकडं पुलगावचा डेपो, म्हणजे देशाचा दारूगोळा आपल्याच विदर्भात बनते आणि ठेवला जाते, तिथून रिटायर झालेला एखादा तरी काका पहिल्या रांगेत सतरंजीवर बसलेलाच असतो. अशा पब्लिकपुढं खेळण्यातली बंदूक काढली तर लोकं हसतात, आणि सीन रडायचा असला तर सगळा बट्ट्याबोळ.

त्यामुळे आधी एसएलआरबद्दल, कारण दुकानातली खरी चीज तीच आहे आणि ३०० रुपये तिच्यासाठी मी हसत देतो. बाजूच्या गावच्या सुतारानं बनवलेल्या आहेत म्हणे, दोनच आहेत. दस्ता आणि पुढची मूठ सागवानाची, नळी वायरिंगच्या लोखंडी पाइपची, आणि दस्त्याच्या आत भोक पाडून सळाखीचा तुकडा ठोकून बसवलाय, त्यामुळे हातात घेतली का वजन लागते. खरी एसएलआर रिकामी असताना पण सव्वाचार किलोच्या वर जाते आणि लांबी जवळपास पावणेचार फूट. ही तेवढी जड नाही पण तीन किलो तरी असेल, आणि लांबी बरोबर घेतलीय. तुम्ही म्हणाल वजनाचं काय एवढं, लोकांना थोडीच वजन दिसते. दिसते भाऊ! पाव किलोची बंदूक घेतलेला नट ती एका हाताने झेंड्यासारखी हलवत डायलॉग मारतो, तीच तीन किलोची दिली का आपोआप दुसरा हात खाली येते, दस्ता खांद्याले टेकते, पाय फाकतात, चालताना पट्टा खांद्यात रुतते म्हणून खांदा थोडा वाकते. डायरेक्टरनं महिनाभर बोंबलून जे होत नाही ते त्या सळाखीच्या तुकड्यानं होते.

जवळून पाहिली का अजून मजा. नुसता काळा ऑइल पेंट मारला असता तर हॅलोजनच्या उजेडात बूट पॉलिश केल्यासारखी चमकली असती, पण त्यावर पेन्सिलचं शिसं घासलंय, त्यामुळे लोखंडाले जो करडा मातकट चमकारा असतो तो येते. कोपऱ्यांवर, जिथं हात लागून लागून रंग उडते, तिथंच शिसं जास्त घासलंय, सगळीकडं सारखं नाही. दस्त्याले पॉलिश नाही, तेलाचा हात आहे फक्त. पट्टा खरा कॅनव्हासचा. आणि सगळ्यात भारी म्हणजे कॉकिंग हँडल, म्हणजे गोळी चढवायले ओढायचा खटका, ते डाव्या बाजूलाच आहे जसं खऱ्या एसएलआरले असते, आणि ते हलते! आत दाराची चिटकणी आणि स्प्रिंग बसवलीय, ओढून सोडली का खटॅक करून बसते, आणि तो आवाज मागच्या रांगेपर्यंत जाते. गेल्या सिझनले जंगलातल्या सीनमध्ये म्युझिक बंद ठेवून फक्त हे खटॅक ठेवलं होतं, पोट्ट्यांनी शिट्ट्या मारणं बंद केलं होतं. एकच खोट, मॅगझिन म्हणजे गोळ्यांचा डबा निघत नाही, खिळ्यानं ठोकलंय. मॅगझिन बदलायचा सीन असला तर विसरा.

एक मात्र तुमच्या लेखकाले सांगा. आपल्याकडची साधी एसएलआर एका वेळी एकच गोळी मारते, घोडा दाबला का एक, परत दाबला का एक, मॅगझिनमध्ये २० गोळ्या. ती मशीनगनसारखी धडधडधड चालवू नका. टीव्हीवाले खुशाल चालवतात, त्यांच्यापुढं आमच्यासारखं पब्लिक नसते.

आता एके ४७. बाप्पा! ही नागपूरच्या खेळण्याच्या बाजारातली बॅटरीवाली बंदूक आहे, वरून काळा स्प्रे मारला आणि झालं. मॅगझिनचा बाक चुकीचा, लाकडी भाग लाल प्लास्टिकचा, आणि आतले लाईट काढलेच नाहीत, फक्त वरून रंग लावून झाकले. उजेडात कळत नाही. पण ब्लॅकआऊटमध्ये नटाचं बोट घोड्यावर गेलं का नळीतून लाल-निळा उजेड लुकलुकते, आणि स्पीकर पूर्ण तोडला नसल्यामुळे आतून बारीक आवाजात ट्याँव ट्याँव. आमच्या खलनायकाचं मरण त्या ट्याँव ट्याँवमध्ये झालं आणि पब्लिकमधून कोणी तरी ओरडलं, "सेल काढ गा त्याचा!" दुसऱ्या दिवशी मी पोराले सांगितलं तर म्हणतो सेल तुम्ही काढून घ्यायचे होते ना. मग भाड्यानं देता कशाले? दीडशे रुपये घेता, सेल काढायले काय लागते.

वजन तर बोलूच नका. खरी एके ४७ भरलेल्या मॅगझिनसकट चार किलोच्या वर, ही अर्धा किलो पण नसेल. आणि नटाले एके ४७ दिली का तो पिक्चरमधलं सुरू करते, कमरेवरून धडधड पाच मिनिटं. अरे भाऊ ती मिनिटाले ६०० च्या वेगानं गोळ्या सोडते, मॅगझिन ३० ची, म्हणजे घोडा दाबून ठेवला तर तीन सेकंदात खल्लास. पाच मिनिटं चालवायची तर मागे मॅगझिनची बैलगाडी लागेल. पिक्चरमध्ये चालते कारण तिथं कट मारता येते, आपल्याकडं नट त्याच जागी उभा असतो आणि मोजणारे समोर बसलेले असतात. माझं मत विचाराल तर एके ४७ चा सीन असला तर बंदूक कमी वेळ दाखवा, एक छोटा बर्स्ट, आणि अंधार. नाहीतर लेखकाले सांगून खलनायकाले बारा बोरच द्या, आपल्या पाटलाच्या हातात ती शोभते पण.

बारा बोर चांगली आहे, दोन नळ्यांची, मधातून मोडते. कुठल्या तरी जुन्या छर्र्याच्या बंदुकीचा दस्ता लावलाय वाटते. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही, घ्या.

काळ कोणता, बंदूक कोणती, हे दुकानवाल्याले विचारायले जाऊ नका, त्याले जे खिळ्यावर आहे ते द्यायचं असते. चिमूरच्या १६ ऑगस्ट १९४२ च्या लढ्यावर एका मंडळानं नाटक बसवलं होतं, त्यांच्या इंग्रज शिपायाच्या हातात हीच ट्याँव ट्याँव एके ४७, जी बंदूक १९४७ साली बनली! इंग्रजांशी लढलेल्या बाबुराव शेडमाकेंवर नाटक करणाऱ्यांनी पण सांभाळा, त्यांना फाशी झाली १८५८ मध्ये, त्या काळी ठासणीच्या बंदुका, एक बार झाला का परत दारू ठासा, गोळी टाका, गज मारा. खरं तर केवढा नाट्यमय प्रकार आहे हा, नट बंदूक ठासून रायला आणि समोरून शिपाई येऊन रायले, पण आपले लोक त्याच्या हातात सरळ मॅगझिनवाली देऊन मोकळे होतात. मोठे मोठे हिंदी पिक्चरवाले पण यात पडतात. साधा हिशेब ध्यानात ठेवा : १९६२ च्या लढाईत आपल्या जवानाकडं मुख्य म्हणजे थ्री नॉट थ्री रायफल, प्रत्येक गोळीले बोल्ट ओढायचा, १९७१ ले एसएलआर, आणि इन्सास रायफल दिसते ती १९९९ च्या कारगिलले. इन्सासचं मॅगझिन आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकचं असते, आतल्या गोळ्या दिसतात, त्यावरून लांबून ओळखू येते. ७१ च्या सीनमध्ये ते पारदर्शक मॅगझिन दिसलं का समजायचं प्रॉपर्टीवाल्यानं झोप काढली. या दुकानात इन्सास नाहीच, थ्री नॉट थ्री एक आहे पण तिचा बोल्ट तुटलाय, म्हणजे तिची जान तिथंच गेली.

रिव्हॉल्वर दोन प्रकारची. एक जड, बीडाची ओतीव, चक्र फिरते, ही घ्या. दुसरी टिकल्याची, दिवाळीतली, मोठ्या साइजची, ही लहान पोरांच्या नाटकाले ठीक आहे. पिस्तूल म्हणून जे देतात ते ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलासारखं दिसणारं प्लास्टिक आहे, आकार बरा आहे, पण त्याच्यासोबत पोरानं आमच्या इन्स्पेक्टरले शिकवलं की अंगठ्यानं मागचा घोडा, म्हणजे हॅमर, ओढायची अॅक्शन कर. ग्लॉकले बाहेर हॅमर असतेच कुठं! टीव्हीवर ग्लॉक रोखली का मागून कट्ट असा घोडा चढवल्याचा आवाज टाकतात, तेच पाहून शिकला असेल. तसंच दर दोन डायलॉगनंतर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, ओढून खटखट करायचं फॅड. एकदा ओढली का गोळी चेंबरमध्ये गेली, परत ओढली का तीच न मारलेली गोळी बाहेर पडणार. धमकी द्यायले म्हणून तीनदा ओढली तर दोन गोळ्या जमिनीवर. आणि रिव्हॉल्वरले सायलेन्सर लावून फुस्स करणारे तर हद्द आहेत, चक्र आणि नळीच्या मधात फट असते, आवाज तिथून बाहेर येते, सायलेन्सर काय करणार. पिस्तुलाले लावला तरी फुस्स होत नाही, दीडशे डेसिबलच्या वरचा आवाज वीस-तीस डेसिबलनं कमी होते, म्हणजे तरी मोठाच. आमच्या नाटकात सायलेन्सर होता, मी डायरेक्टरले म्हटलं उशी दाबून मार आणि पॅडवर दबका आवाज घे, ते लोकांना पटलं.

आवाजाचं आलंच आहे तर सांगतो, बंदुकीचा खरेपणा अर्धा आवाजात आहे आणि तो दुकानवाला देत नाही, तो तुमच्या ऑक्टोपॅडवाल्याच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवणाऱ्याच्या हातात असते. पॅडवर गोळीचा आवाज सेट असते, नटानं घोडा दाबला का यानं काडी मारायची. रात्री साडेतीन वाजता, तिसऱ्या अंकात, थंडीत, तो बिचारा मफलर गुंडाळून पेंगून रायला असते, नट गोळी मारते, आवाज नाही, समोरचा नट मरावं का न मरावं या विचारात उभा, आणि मग मेल्यावर ठों. यावर आम्ही काढलेला उपाय असा की गोळी मारायच्या आधी नटानं एसएलआरचं ते खटॅक करायचंच, आणि खटॅक झाल्यावर घोडा किती वेळानं दाबायचा ते पॅडवाल्यासोबत तालमीत पक्कं करायचं. दुसरं, गोळी लागलेला माणूस मागे उडत नाही. पिक्चरमध्ये दोर बांधून ओढतात. गोळीनं माणूस मागे उडाला असता तर मारणारा पण तेवढ्याच जोरानं मागे उडाला असता, धक्का दोन्हीकडं सारखाच बसते, हे शाळेतलं न्यूटनचंच आहे. लागलेला माणूस जागच्या जागी कोसळते नाहीतर दोन पावलं चालून बसते, स्टेजवर हे जास्त भयानक दिसते, करून पाहा.

दुकानवाला पोरगा आवाजासाठी दोन गोष्टी गळ्यात मारायले पाहते. एक म्हणजे पीव्हीसी पाइपची कार्बाइडची बंदूक, जी शेतात रोही आणि रानडुकरं हाकलायले वापरतात. विंगेत वाजवली तर आवाज जबरदस्त येते हे खरं आहे, पण तिथं पडदे, झालर, वायरी, बाया-पोरं, मेकअपचं स्पिरिट, आणि यानं गॅस पेटवायचा? २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडं याच बंदुकांनी किती पोरांचे डोळे गेले ते पेपरात वाचलं ना. शेतात रोह्यासाठी ठीक, मांडवात नको. दुसरी म्हणजे छर्र्याची एअरगन, "हे खरी हाये भाऊ, लायसन नाई लागत, मस्त दिसते" असं म्हणून. एका मर्यादेपर्यंतच्या एअरगनले लायसन लागत नाही हे बरोबर आहे, पण त्यात छर्रा राहून गेला आणि समोरच्याच्या डोळ्यात बसला तर? मी सरळ नाही म्हटलं. अजून एक ठासणीची जुनी बंदूक काढून दाखवली, नळी वेल्डिंगनं बंद केलीय म्हणे. म्हटलं कागद दाखवा, तर विषय बदलला. असल्या वस्तूले हात लावू नका, मंडळाच्या अध्यक्षाले १९५९ च्या आर्म्स अॅक्टमध्ये कोर्टाच्या चकरा मारायला लावायच्या आहेत का.

काही जणांना वाटते मी जास्तच भेतो. तर ऐका. ब्रूस लीचा पोरगा ब्रँडन ली, ३१ मार्च १९९३ ले अमेरिकेत शूटिंगमध्ये मेला, बंदुकीत फक्त आवाजाची गोळी होती, म्हणजे दारू भरलेली पण पुढं शिशाचं टोक नसलेली. झालं असं की आधीच्या एका सीनले दिखाव्याच्या गोळ्या भरल्या होत्या, त्यातल्या एकीचं पुढचं टोक नळीतच अडकून राहिलं, कोणी नळीत डोकावून पाहिलं नाही, आणि नंतर आवाजाची गोळी मारली तर तिच्या जोरानं ते अडकलेलं टोक बाहेर निघालं. त्याच्या आधी १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम नावाच्या नटानं सेटवर मजाक म्हणून आवाजाची गोळी असलेली बंदूक कानशिलाले लावून दाबली, पुढं टोक नव्हतंच, नुसत्या दाबानं कवटी फुटून गेला. आणि २१ ऑक्टोबर २०२१ ले अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत सिनेमाच्या सेटवर हॅलिना हचिन्स, कॅमेऱ्याचं काम पाहणारी बाई, रिव्हॉल्वरमध्ये खरी गोळी निघाली आणि गेली. तिथं हत्यारं सांभाळायले जी बाई ठेवली होती तिले २०२४ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली, म्हणजे आपल्या भाषेत प्रॉपर्टीवाल्याले. ती बाई गेल्यावर २०२१ मध्येच हॉलीवूडचा नट ड्वेन जॉन्सननं जाहीर केलं की आपल्या कंपनीच्या सिनेमात रबरी बंदुकाच वापरणार, धूर-जाळ नंतर कॉम्प्युटरवर टाकणार. एवढा पैसा, एवढी माणसं, तरी हे होते. आपल्याकडं तर अंधारात टेबलावर टॉर्च लावून मी एकटा. म्हणून आमच्याकडं नियम आहे, टिकल्याची असो का सागवानी असो, बंदूक माझ्या टेबलावरून जाते आणि टेबलावरच येते, मधात कोणी सेल्फी काढायची नाही, आणि कानशिलाले लावायचा सीन असला तर टिकल्या बाहेर.

आता माझी सगळ्यात मोठी तक्रार, आणि यासाठीच मी दुकानाचा एक स्टार कापतो. बंदुका हे लोक उघड्या देतात, पोत्यात नळ्या बाहेर आलेल्या, आणि पावतीवर लिहितात "सामान ४ नग". अरे हे गडचिरोली आहे! रात्री दोन पोट्टे बाइकवर, मागच्याच्या खांद्याले एसएलआर, आणि पुढच्या वळणावर नाकाबंदी. एवढी हुबेहूब बनवायची आणि मग ती रस्त्यावर तशीच न्यायची, हे कोणाच्या डोक्यातून निघालं. स्टेजवर वीस फुटावरून ती खरी वाटली पाहिजे हे कबूल, पण स्टेजच्या खाली उतरली का ती नकली आहे हे अंधारात पण कळलं पाहिजे. अमेरिकेत खेळण्याच्या बंदुकीच्या तोंडाले नारंगी टोक लावायचा कायदा १९८८ पासून आहे, आणि तरी २०१४ मध्ये क्लीव्हलँडले १२ वर्षांच्या तामीर राईसले पोलिसांनी गोळी घातली, त्याच्या हातात खेळण्याचीच होती, नारंगी टोक निघालेलं. आपला पोलीस अंधारात काय समजेल याचा भरोसा मी कोणाच्या जिवावर घेणार नाही.

काकांना मी हे बोललो तर म्हणतात, "इतले वरस झाले, काई झालं का कोनाले?" पोरगा समजदार आहे, त्यानं निदान पावतीवर "नाटकाच्या लाकडी बंदुका" असं लिहून शिक्का मारून दिलं. तुम्ही पण मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत. आम्ही काय करतो, नाटकाच्या परवानगीचा अर्ज ठाण्यात द्यायचाच असते, त्यातच एक ओळ टाकतो की एवढ्या नकली बंदुका या दुकानातून या तारखेले येणार आणि या तारखेले जाणार. ठाण्यातल्या साहेबांनी फोटो पण मागितले, दिले. नेताना तोंडाले नारंगी टेप, जाड पेटीत बंद, गाडीत दिवसा. स्टेजवर जायच्या आधी टेप मी काढतो, आल्यावर मीच लावतो.

एक चांगली गोष्ट सांगायची राहिलीच. पोराले आधी फोन केला तर तो तालमीले येऊन बंदूक कशी धरायची ते दाखवून जाते, फक्त पेट्रोलचे पैसे घेते. ग्लॉकच्या घोड्यावरून मी वर हसलो असलो तरी एसएलआर तो बरोबर शिकवते, बोट घोड्यावर नाही तर बाजूनं सरळ, चालताना नळी खाली, आपल्याच माणसाकडं रोखायची नाही. आमच्या गावात सीआरपीएफमधून रिटायर झालेले एक भाऊ आहेत, त्यांनी पाहून मान हलवली, म्हणजे पास. नाटकाच्या रात्री तेच मागे उभे होते, इन्स्पेक्टरची एन्ट्री झाली तर बाजूच्याले म्हणाले, "हाव, हा कुठंतरी नोकरी केलेला दिसते." तो इन्स्पेक्टर आमचा किराणा दुकानवाला.

डिपॉझिट परत घेताना बंदूक त्यांच्यासमोर उलटीपालटी करून दाखवा आणि नेतानाच मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण जुना ओरखडा पण तुमच्याच खात्यात टाकतात. माझे २०० कापले होते, फोटो दाखवल्यावर दिले, तोंड वाकडं करून का होईना. बुकिंग दसऱ्याच्या आधी करा, एसएलआर दोनच आहेत आणि मोठ्या नाटक कंपन्या सिझनभर अडकवून ठेवतात, मंडईच्या तारखा एकावर एक येतात. उशीर झाला का तुमच्या वाट्याले ट्याँव ट्याँव. पाचपैकी साडेतीन देतो, त्यातले तीन त्या सुतारासाठी. पोलिसांच्या वर्द्या इथूनच घ्या, बिल्ले बरोबर आहेत, तलवारी मात्र दुसरीकडून आणा, इथल्या सगळ्या वाकल्यात.